खिदिरपूरचा रिकामा ओटा

कोलकात्यात चांगले सोळा दिवस राहून आले, पण व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिलं नाही, हावडा ब्रिज लांबूनच पाहिला आणि कालीघाटला तर गेलेच नाही. हे कळल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. "मग इतके दिवस केलंत तरी काय?" असं विचारतात. खिदिरपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पितळी बिजागऱ्यांच्या मागे मागे फिरत होते, असं सांगितलं की विषय बदलतात. बदलोत बापड्या. मी जे पाहिलं ते सांगणार आहे.

बोलावणं आलं माझ्या मावसभावाचं, अविनाशचं. त्याचे आजोबा नोकरीपायी कोलकात्याला गेले आणि तिथलेच होऊन बसले. अविनाश तिथेच जन्मला, तिथेच शिकला, आणि खिदिरपूरला गोदीच्या मागच्या बाजूला वडिलांनी काढलेला लहानसा कारखाना आता तो चालवतो. जहाजांच्या केबिनच्या दारांना लागतात त्या पितळी बिजागऱ्या आणि कड्या तो बनवतो. कामाला चौदा माणसं. मी भोसरीला तीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेली, त्यातली शेवटची बारा 'लीन'च्या कामात. लीन म्हणजे फार मोठं काही नाही. काम करताना वेळ, माल, हेलपाटे, जे जे वाया जातं ते शोधून काढायचं आणि कमी करत जायचं.

"ताई, आमचा माल घेते ती कंपनी म्हणते, सगळ्या लहान कारखान्यांनी लीन करायलाच हवं," अविनाश फोनवर म्हणाला. "त्यांनी सल्लागार पाठवला होता. त्याचा रिपोर्ट आलाय. एक माणूस कमी करायला सांगितलाय."

"कोण?"

"निमाईदा. बाबांच्या वेळेपासून आहे गं आमच्याकडे."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बघू."

अविनाश लहानपणापासून 'बघू' म्हणतो आणि बघता बघता दुसऱ्याच्या मनासारखं होऊन जातं. मी तिकीट काढलं.

सॉल्ट लेक

पोचले तेव्हा गौरी जाऊन दोन दिवस झाले होते आणि घरात गणपती होता. अविनाशची बायको सुमेधा शाळेत शिकवते. तिचं स्वयंपाकघर अर्धं मराठी, अर्धं बंगाली आहे. एका शेगडीवर अळूचं फदफदं, दुसरीवर खसखशीच्या वाटणातला बटाटा. हा बटाटा मी पहिल्या दिवशी संशयाने खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी मागून घेतला. शेजारच्या बोसकाकू आरतीला आल्या होत्या. त्यांनी उकडीचा मोदक हातात फिरवून फिरवून पाहिला आणि मला विचारलं, "तुमचा गणेश आईला सोडून एकटाच आधी कसा येतो? आमच्याकडे तर दुर्गेबरोबर, भावंडांसकट येतो." मी म्हटलं, "आमचा जरा हट्टी आहे." त्यांना ते पटलं.

अविनाश-सुमेधाची मुलगी तनया कॉलेजात आहे. ती मला "आत्या, तुझा चहा इथे ठेवली" असं म्हणते आणि मी दुरुस्त करायला तोंड उघडलं की पळून जाते.

जेवणं झाल्यावर अविनाशने तो रिपोर्ट टेबलावर ठेवला. चाळीस पानं, रंगीत चित्रं, गुळगुळीत कागद. मी अशा रिपोर्टांवर आयुष्य काढलंय, त्यामुळे थेट मागच्या पानांवर गेले. 'निमाई मंडल, हेल्पर. मशीन चालवत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ चालण्यात आणि वस्तू हलवण्यात जातो. उत्पादनात भर, शून्य. पद रद्द करावं.' त्याखाली, 'शेडच्या पुढच्या भागातला ओटा वर्षभर रिकामा. जागेचा अपव्यय.' सल्लागार आणि कंपनीच्या अधिकारी बाई पंधरवड्याने तपासायला येणार होत्या. त्यावरून कारखान्याला अ, ब किंवा क वर्ग मिळणार होता, आणि वर्ग बघून पुढची ऑर्डर.

खरं सांगते, त्या वेळी मला राग आला तो सल्लागाराच्या मांडणीचा. निमाईदाचा विचार नंतर आला. यंत्रं त्याने कशी मांडायला सांगितली होती ते पाहून मी म्हटलं, याच्यापेक्षा मी बरं करून दाखवते. आमच्या भोसरीच्या पाण्याचा ताठा आहे हा, दुसरं काय.

खिदिरपूर

दुसऱ्या दिवशी मेट्रो आणि पुढे बस. उतरताना कंडक्टर बसवर थाप मारून ओरडला, "आस्ते, लेडीज!" आणि ड्रायव्हरने बस खरंच पूर्ण थांबवली. पुण्यात माझ्यासाठी कुठली बस अशी थांबल्याचं आठवत नाही. मी मान ताठ ठेवून उतरले आणि पाय थेट शेणात पडला.

शेड लांबट आहे. रस्त्याच्या बाजूला गुडघाभर उंचीचा विटांचा ओटा, बारा-पंधरा माणसं आडवी होतील एवढा, आणि तो चक्क रिकामा. मागच्या बाजूला जमीन थोडी उतरती, तिथे कोपऱ्यात गटाराचं झाकण. मधे लेथ, ड्रिलिंग मशीन, पॉलिशच्या मोटारी, सगळं विखुरलेलं. लेथवर मिशाळ, आडदांड गडी होता. त्याचं घरचं नाव खोका, म्हणजे बाळ. पन्नाशीच्या त्या बाळाने मला हात जोडून नमस्कार केला.

आणि निमाईदा. साठीला टेकलेला, काटक, चौकड्यांची लुंगी, खांद्यावर गमछा. हातात पितळेच्या ओतीव तुकड्यांची टोपली घेऊन तो लेथकडून ड्रिलकडे, ड्रिलकडून परत मागे, तिथून पॉलिशकडे चालत होता. चहा आला तो मातीच्या भांड्यात. पिऊन झाल्यावर सगळ्यांनी भांडी फटाफट कोपऱ्यात फोडली.

"वाया जाणं कमी करायला मला बोलावलंस आणि इथे रोज दोनदा कप फोडता?" मी अविनाशला म्हटलं.

"माती आहे ताई. मातीत जाते."

मी कामाला लागले. प्लायवूडच्या फळीवर शेडचा नकाशा काढला, प्रत्येक यंत्राच्या जागी खिळा ठोकला, आणि एका बिजागरीच्या मागे दिवसभर फिरून ती जिथे जिथे गेली तिथे तिथे सुतळी गुंडाळत गेले. संध्याकाळपर्यंत सुतळीचं अख्खं रीळ संपलं आणि फळीवर कोळ्याचं जाळं झालं. माणसं जमून बघायला लागली. खोका म्हणाला, "बाप रे, ये हामारा बिजागरी कालीघाट तक घूम के आता है!" निमाईदा मात्र फळीकडे बघत उभा होता. ती सुतळी त्याच्या पायांची होती.

पुढचे तीन दिवस मी झाडून सगळ्यांना कामाला लावलं. लागणारं आणि न लागणारं वेगळं केलं. जळलेल्या मोटारी, झिजलेले साचे, फुटकी खोकी, वीस वर्षांचं अडगळीचं भांडार निघालं. भंगारवाला सोमवारी येणार होता. तोवर हे ठेवायचं कुठे? ओटा रिकामाच होता. मी सगळं ओट्यावर रचायला सांगितलं. तयार मालाच्या पेट्यांसाठी मागच्या मोकळ्या जागेत जमिनीवर पिवळे पट्टे मारले आणि पेट्या तिथे ओळीत लावल्या. फोटो काढण्यासारखं दिसत होतं.

निमाईदा माझ्यापाशी आला. "दिदि, ओटा खाली रहेगा."

"क्यों?"

"खाली रहना ही उसका काम है."

मी हसले. रिकाम्या जागेला काम असतं हे मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "सोमवारपर्यंतच आहे हो," म्हटलं आणि पुढे गेले. त्याने पुन्हा सांगितलं नाही. तिथली माणसं मोठ्या वयाच्या बाईला दुसऱ्यांदा अडवत नाहीत. आमच्या भोसरीत असता तर चारचौघांत माझी शोभा केली असती, आणि ते बरं झालं असतं.

अनंत चतुर्दशीला सॉल्ट लेकला गणपती बोळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये उभी होते. दोन दिवसांत पाऊस नव्हता, बाहेर ऊन रखरखत होतं. कोपऱ्यातल्या गटारातून गुडगुड असा आवाज आला. झाकणाच्या कडेने काळं पाणी वर आलं, आणि मी काय होतंय ते कळेपर्यंत ते पिवळ्या पट्ट्यापर्यंत पोचलं होतं.

"जोल! जोल आशछे!" खोका ओरडला. सगळ्यांनी एकेक पेटी उचलली आणि सगळे एकाच दिशेला वळले. ओट्याकडे. ओट्यावर माझं भंगार छातीपर्यंत रचलेलं होतं.

पेट्या डोक्यावर धरून चौदा माणसं पाण्यात उभी राहिली. काही पेट्या लेथवर ठेवल्या, काही खुर्च्यांवर, दोन अविनाशने मांडीवर घेतल्या. तरी सहा खाली राहिल्याच. तासा-दीड तासाने पाणी जसं आलं तसं गटारातून निघून गेलं आणि मागे चिखल, प्लास्टिक आणि सहा पेट्या काळ्या पडलेल्या बिजागऱ्या राहिल्या. खोकाने लुंगी पिळली आणि झाडू घेतला.

निमाईदाने गमछ्याच्या घडीतून एक जाडं, कोपरे दुमडलेलं पंचांग काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "दिदि, आज पूर्णिमा. आज कोटाल है." कोटाल म्हणजे नदीची मोठी भरती, आणि नदी शेजारीच आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती मोठी असते, तेव्हा गटारांची नदीकडची दारं बंद करतात, गटाराला जायला वाट राहत नाही आणि पाणी खालच्या जागांतून वर येतं. पाऊस असो नसो. आदल्या दिवशी मी स्वतः चतुर्दशीची आरती म्हटली होती. तिथी मला तोंडपाठ होती आणि तिचा त्या शेडशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

भिंतीवर लेथमागे खडूच्या आडव्या रेघा होत्या, बंगालीत काहीतरी लिहिलेलं. मी त्या मुलांनी ओढलेल्या समजून पुसायला सांगणार होते. दरवर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या त्या खुणा होत्या. रोज सकाळी निमाईदा पंचांग बघायचा आणि त्याप्रमाणे कुठला माल कुठे हलवायचा ते ठरवायचा. यंत्रं विखुरलेली होती कारण तेवढेच उंचवटे त्या जमिनीत होते. सल्लागार आला होता अष्टमीला. अष्टमीला पाणी येत नाही, म्हणून त्याला फक्त एक म्हातारा चालताना दिसला. मला तर पौर्णिमेच्या तोंडावर तेवढाच दिसला, आणि मी त्याच्याशी बोललेही होते.

चहाच्या वेळी

दुसऱ्या दिवशी चहाला सगळे ओट्यावर बसले होते. भंगार सकाळीच त्यांनी उपसून काढलं होतं. मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "गलती मेरी है. निमाईदा ने बताया था, मैंने सुना नहीं." खोका म्हणाला, "बोशुन दिदि, चा ठांडा होये जाच्छे." बसा, चहा निवतोय. एवढंच.

पण मी बसले नाही. अविनाशला बाजूला घेतलं आणि जे मी कोणाला सांगत नाही ते सांगितलं. भोसरीला असताना मी अशीच एक यादी केली होती. सात नावांची. घड्याळ लावून मोजलं, शून्य लिहिलं, सही केली. त्यातले मोरे नावाचे गृहस्थ पुढे मला बाजारात दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. त्या वर्षी मला सुधारणेची ट्रॉफी मिळाली. ती अजून कपाटात आहे आणि मला तिची लाज वाटते. लीन मला चुकीचं शिकवलं नव्हतं. काम वाया जातं ते कमी करा, असंच शिकवलं होतं. माणूस वाया जातो असं कोणीच शिकवलं नव्हतं. ते मी सोयीसाठी माझं मीच वाचलं.

"हा निमाईदा जाणार नाही," मी म्हटलं. "तू 'बघू' म्हणालास तर मी इथेच तुझ्या फाटकात बसेन."

अविनाशने चहाचं भांडं माझ्या हातात दिलं.

दोन दिवस मी वही घेऊन निमाईदाच्या मागे फिरले. मग रोज चहाला ओट्यावर बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि मी फक्त लिहून घेतलं. लेथ आणि ड्रिल शेजारीशेजारी, लोखंडी अँगलच्या घोडीवर, खडूच्या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर. मालाला चाकांचे रॅक, खालचा कप्पा कायम मोकळा. ओट्याला विटांचा उतार, ही निमाईदाची सूचना, म्हणजे पाणी आलं की रॅक ढकलत वर नेता येतील. ओटा रिकामाच. मी त्यावर स्वतः पिवळा पट्टा मारला आणि बंगालीत 'खाली' असं खोकाकडून लिहून घेतलं. काळं पडलेलं पितळ पुन्हा पॉलिश करत करत आठवडा गेला. दुपारी सगळ्यांबरोबर मोहरीच्या तेलातली मुरी, म्हणजे आपले चुरमुरे, कांदा आणि हिरवी मिरची खाल्ली. आमच्या भडंगाला ती तोडीस तोड आहे, कोणी काही म्हणो.

शेवटी पुन्हा बिजागरीच्या मागे सुतळी फिरवली. या वेळी हातभर लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रिपोर्टातलं ते 'शून्य' आठवलं.

अविनाशच्याही लक्षात आलं होतं. "ताई, आपण तर त्याचं चालणंच काढून टाकलं," तो हळूच म्हणाला. "आता ते म्हणतील, मग हा करतो काय?"

"करतोय की. बघ ना."

निमाईदा दाराशी बसून ओतीव तुकडे एकेक करून हातोडीने टिचकत होता. ज्याचा आवाज बद्द येईल तो आतून पोकळ, तो बाजूला. आधी हे खोकाला लेथवर तासभर घासल्यावर कळायचं आणि तो तास फुकट जायचा. हे करायला निमाईदाला इतकी वर्षं वेळच मिळाला नव्हता.

तपासणी

सल्लागार बागची तरुण, कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. अधिकारी बाई सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या. दोघांनी सगळं नीट पाहिलं, सुतळीच्या दोन्ही फळ्यांचे फोटो काढले. बाईंनी पंचांग हातात घेऊन दोन मिनिटं वाचलं. निमाईदाने ओतीव तुकडा टिचकून दाखवला, तेव्हा त्यांनी तो स्वतः टिचकून पाहिला. मला वाटलं, जिंकलो.

मग बागचींनी फॉर्म काढला. शेवटचा रकाना होता, 'कमी केलेली माणसं'.

"सुंदर काम झालंय," ते म्हणाले. "चालणं संपलं, म्हणजे एक माणूस मोकळा झाला. रिपोर्टप्रमाणे इथे एक लिहायचं, बस."

"तो दुसरं काम करतो आहे," मी म्हटलं. "अधिक चांगलं."

"मॅडम, तुकड्यांची तपासणी कोणीही करू शकेल. रकान्यात किमान एक नसेल तर पहिला वर्ग देता येत नाही. फॉर्मच तसा आहे."

माझं डोकं फिरलं. मी उठले. तीस वर्षांचं सगळं ओठावर आलं होतं. पण अविनाशने हात आडवा धरला.

"ताई, थांब. कारखाना माझा आहे."

खोकाने लेथ बंद केला. निमाईदा हातातला तुकडा खाली न ठेवता उभा होता. तो सगळं समजून होता. रिपोर्ट आल्या दिवसापासून समजून होता, हे मला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

अविनाश बंगालीत बोलला. घरी चाचपडत बोलणारा माझा भाऊ बंगालीत वेगळाच माणूस होता, आवाज सुद्धा वेगळा. मला कळलं ते एवढं, "उनि थाकबेन." ते राहतील. स्वतःच्या हाताखालच्या माणसाला त्याने आदराने 'उनि' म्हटलं होतं. मग त्याने फॉर्म ओढून घेतला, पेनाने त्या रकान्यात शून्य काढलं आणि खाली सही ठोकली.

"विचार करा," अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढची ऑर्डर वर्गावर ठरते. माझ्या हातात नाही."

"केलाय," अविनाश म्हणाला. "आम्हाला खालच्या वर्गात बसवा. तिथूनही बिजागऱ्या अशाच निघतील."

बागचींनी फॉर्म घडी करून बॅगेत टाकला. बाई जाताना निमाईदापाशी थांबल्या आणि नमस्कार करून गेल्या. निमाईदाने हातातला तुकडा टिचकला, ऐकला आणि चांगल्यांच्या टोपलीत टाकला.

मी परत आल्यावर तीन आठवड्यांनी निकाल लागला. 'क' वर्ग. ऑर्डर आधीपेक्षा लहान झाली आहे आणि अविनाश दुसरं गिऱ्हाईक शोधत गोदीत फिरतो आहे. मी फोनवर म्हटलं, "माझ्यामुळे झालं का रे?" तो म्हणाला, "तुझं काय नेहमी मधे मधे? सही माझी आहे."

काल तनयाने फोटो पाठवला. 'क' वर्गाचा तो कागद अविनाशने चौकटीत बसवून कारखान्याच्या फाटकावर लावला आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल असा. खाली त्याने स्वतःच्या हाताने चौदा नावं लिहिली आहेत. पहिलं नाव निमाई मंडल.